राणीच्या काळातला केक

ती मोबाइल काउंटरवर ठेवते,
दोन बोटांनी चित्र मोठं करते.
चार मजले. मजल्यांमध्ये बारीक खांब.
कडेनं साखरेचे हार, झोळ पडलेले,
आणि वर बाहुला नाही, बाहुली नाही,
नुसती एक पांढरी कमान.
'राणी व्हिक्टोरियाच्या काळातला आहे ओ मावशी.
असा होईल?'

होईल की.
कॅम्पातल्या या बेकरीत एकतीस वर्षं
मी बटर पेपरचा कोन दाबतेय.
गुलाब केलेत पोत्यानं,
कार्टूनचे उंदीर, क्रिकेटची बॅट,
एकदा तर एका नगरसेवकाचा चेहरा, मिशी चॉकलेटची.
खांब मात्र शेवटचे केले तेव्हा
इनास मास्तर जिवंत होते.

मुलगी अनगोळची, मृणाल कडोलकर.
होणारा नवरा बैलहोंगलचा, वीरेश,
हेल्मेट पोटाशी धरून उभा.
त्याची आई स्टुलावर, इलकल नेसून,
चित्राकडे न बघता आधीच सांगून टाकते:
'तत्ती ब्याड.'
अंडं नको.

आता अंड्याच्या पांढऱ्याशिवाय
ही साखर दगड होत नाही, हे कुणाला सांगू?
छोले शिजवलेलं पाणी आटवून फेटलं तर होते म्हणतात.
बघू.
मास्तर वर जिथं असतील तिथं
छातीवर क्रूस काढतील.

मग नावांचं आलं.
'मराठीत घाला,' मृणाल म्हणाली.
तो काही बोलला नाही.
हेल्मेट या हातातून त्या हातात गेलं.
आईनं दाराबाहेर आमच्या पाटीकडे बघितलं,
वर कन्नड मोठ्या अक्षरात,
खाली जिथं मराठी होतं तिथं
आता निळ्या रंगाचा एक चौकोन.
फ्रीजची मोटर सुरू झाली, बंद झाली.

मी म्हटलं, 'राणीच्या काळात केकवर नावं घालत नसत.'
खरंखोटं देवाला ठाऊक.
पण तिघंही एकदम हलकी झाली,
जणू मीच त्या राणीकडे कामाला होते.

'हे हार कुठं शिकलात?'
'इथंच, शेजारी.'

शेजारी म्हणजे गोऱ्यांची जुनी दफनभूमी.
मास्तर मला पहाटे तिथं न्यायचे,
दगडावर कागद धरायला लावायचे
आणि पेन्सिल आडवी घासायचे.
हळूहळू हार वर यायचा:
तीन झोळ, मध्ये गाठ,
गाठीतून सुटलेल्या दोन फिती.
खालचं इंग्रजी तेच वाचून दाखवायचे.
एलायझा. वय बावीस. तापानं गेली.
शेजारच्या बुटक्या दगडावर
नाव नव्हतं, एक कळी होती.
'माळ ओढायची नाही, पोरी,' ते म्हणायचे,
'टोक चिकटव, हात उचल, थांब.
तिचं वजन तिला खाली आणतं.'

हे मी सांगितलं नाही.
लग्नाच्या घरी काय काय सांगायचं?

स्टीलच्या ताटाच्या पाठीवर
नमुन्याला एक माळ सोडून दाखवली.
टोक चिकटवलं, हात उचलला, थांबले.
तिघांनीही श्वास धरला होता, माझाही हात
आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.
माळ पडली. तुटली नाही.
सासूबाई स्टुलावरून उठून आल्या.
'भाळ चंद ऐती,' म्हणाल्या,
आणि करंगळीनं गाठ उचलून
तोंडात टाकली.
मृणाल हसत सुटली, वीरेशनं कपाळाला हात लावला.

पावतीवर लिहिलं:
चार मजले. अंडं नाही. नावं नाहीत.
हार तीन झोळांचे.
ॲडव्हान्स दोन हजार.
मांडे त्यांनी दुसरीकडे सांगितलेत, ते बरं झालं.

रात्री पत्र्याच्या डब्यातून तो कागद काढला.
घडीवर फाटलाय,
पेन्सिल बोटांना लागतेय अजून.
एक झोळ पुसट झालाय.
गाठ शाबूत आहे.